सदुसष्ट घरांचा पट

बुद्धिबळाच्या पटाची ती जुनी कथा आपणांपैकी बहुतेकांनी लहानपणी ऐकलेली असेल. पहिल्या घरात धान्याचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, अशा रीतीने प्रत्येक घरात आधीच्या घराच्या दुप्पट दाणे ठेवून चौसष्ट घरे भरून द्यावीत, एवढेच मागणे त्या चतुर पुरुषाने राजाजवळ मागितले आणि राजाची कोठारे अपुरी पडली. या दाण्यांची एकंदर संख्या २ चा ६४ वा घात वजा १, म्हणजे १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ इतकी भरते. कथाकाराला राजाची फजिती दाखवायची असते, ती झाली की तो थांबतो. गणिताच्या अभ्यासकाचे कुतूहल मात्र तेथून सुरू होते. एवढे दाणे समान वाट्यांनी वाटायचे झाल्यास ते किती जणांत वाटता येतील, म्हणजेच ही संख्या कोणकोणत्या संख्यांनी निःशेष भागली जाते, हा त्याचा प्रश्न असतो.

चौसष्ट घरांच्या बाबतीत हा प्रश्न फारसा छळत नाही. शेवटचा अंक ५ असल्यामुळे ५ ने भाग जातो हे उघड आहे. शिवाय ६४ हा घातांक स्वतःच भाज्य असल्यामुळे संख्येचे तुकडे आपोआप पडत जातात. तिचे अवयव ३, ५, १७, २५७, ६४१, ६५५३७ आणि ६७००४१७ असे आहेत. पण या पटाला आणखी तीनच घरे जोडा. दाण्यांची संख्या २ चा ६७ वा घात वजा १ होते: १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. एकवीस अंकांची ही संख्या. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘लीलावती’त एकं-दहंपासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत, त्या मापाने ही संख्या १४७५ परार्धांहून अधिक होते. मात्र मोठेपणा हे तिचे वैशिष्ट्य नव्हे. ६७ ही संख्या अविभाज्य असल्यामुळे घातांकाचे तुकडे पाडून आत शिरण्याची ती सोपी वाट येथे बंद होते. या एका संख्येने अडीचशेहून अधिक वर्षे विद्वानांना चकविले, आणि एखादी गोष्ट ‘आहे’ हे कळणे निराळे व ती ‘कोणती’ हे कळणे निराळे, हा भेद गणिताला शिकविला. तिचा इतिहास आज आपणांपुढे ठेवावयाचा आहे.

असल्या संख्यांकडे माणसाचे लक्ष मुळात गेले ते एका प्राचीन हौसेपायी. ६ चे ६ हून लहान असलेले विभाजक १, २ आणि ३. त्यांची बेरीज पुन्हा ६. २८ ची तीच गोष्ट: १, २, ४, ७ आणि १४ मिळून २८. अशा संख्यांना ग्रीकांनी परिपूर्ण संख्या म्हटले. युक्लिडने आपल्या ‘मूलतत्त्वे’ या ग्रंथाच्या नवव्या भागाच्या अखेरीस असे सिद्ध केले की, एकापासून दुपटीने वाढणाऱ्या संख्यांची बेरीज जर अविभाज्य निघाली, तर त्या बेरजेला शेवटच्या पदाने गुणून परिपूर्ण संख्या मिळते. एक अधिक दोन म्हणजे तीन. तिनाला दोनाने गुणले की सहा. एक, दोन आणि चार मिळून सात; साताला चाराने गुणले की अठ्ठावीस. दाण्यांची बेरीज ती हीच. म्हणून प्रश्न असा उरला, की किती घरांपर्यंतची बेरीज अविभाज्य असते?

घरांची संख्या भाज्य असेल तर बेरीजही भाज्य असते, हे लवकर ध्यानात आले. घरांची संख्या अविभाज्य असेल तर बेरीजही अविभाज्यच असेल असे मग पुष्कळांना वाटू लागले, आणि तसे वाटणे साहजिकच होते; कारण २, ३, ५ आणि ७ घरांसाठी बेरजा ३, ७, ३१ आणि १२७ अशा येतात व त्या सर्व अविभाज्य आहेत. पण अकरा घरांशी हा नियम मोडतो. तेथे बेरीज २०४७ येते आणि ती २३ गुणिले ८९ इतकी आहे. १५३६ मध्ये हे छापून प्रसिद्ध झालेले होते, तरीही भ्रम गेला नाही. इटलीतील कातालदी याने १७ आणि १९ घरांच्या बेरजा अविभाज्य असल्याचे बिनचूक दाखविले. पुढे मात्र २३, २९, ३१ आणि ३७ यांचीही ग्वाही त्याने देऊन टाकली. त्यांपैकी एकतीसच खरे ठरले. १६४० मध्ये फर्माने २३ घरांच्या बेरजेला ४७ ने आणि ३७ घरांच्या बेरजेला २२३ ने भाग जातो हे दाखवून दिले.

या भागाकारामागे फर्माची एक सूक्ष्म दृष्टी होती. अविभाज्य घातांकाच्या अशा संख्येला कोणताही ऐरागैरा विभाजक चालत नाही. घातांकाच्या दुपटीच्या कोणत्या तरी पटीत एक मिळवून जी संख्या येते, तीच विभाजक होऊ शकते. २३ ची दुप्पट ४६, त्यात एक मिळविला की ४७. शोधणाऱ्याचे कितीतरी श्रम या एका नियमाने वाचतात. सदुसष्ट घरांच्या बाबतीत विभाजक १३४ च्या पटीत एक मिळवून येणाऱ्या संख्यांतच शोधावा लागतो. बाकी सारे रान मोकळे सोडता येते.

आता आपल्या कथेतील मुख्य पात्र प्रवेश करते. मारँ मर्सेन (१५८८–१६४८) हा पॅरिसमधील एका मठात राहणारा ख्रिस्ती साधू. त्याचे खरे कार्य पत्रव्यवहाराचे. विद्वानांची नियतकालिके जेव्हा नव्हती, तेव्हा फर्मा, देकार्त यांच्यासारख्यांचे शोध या साधूच्या पत्रांतून एकमेकांस कळत. १६४४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्याने सांगून टाकले की, २५७ पर्यंतच्या घातांकांपैकी २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ एवढ्यांसाठीच ही संख्या अविभाज्य असते. सिद्धता दिली नाही. वास्तविक पंधरा-वीस अंकी संख्या अविभाज्य आहे की नाही हे ठरविण्यास सारा काळही पुरणार नाही, अशी कबुली त्याच प्रस्तावनेत आहे! ज्याची तपासणी अशक्य असे तो स्वतः म्हणतो, त्याचाच निर्वाळा त्याने कोणत्या आधारावर दिला असेल? यादीतील बरेच घातांक ८, १६, ३२, ६४, १२८ आणि २५६ यांच्या आसपासचे आहेत, त्यावरून त्याच्या मनात काही आकृतिबंध असावा एवढे दिसते. काही अभ्यासकांनी असाही तर्क केला की मूळ हस्तलिखितात ६१ असावेत व छापताना त्याचे ६७ झाले असावेत. नकलनविसांच्या आणि मुद्रकांच्या हातून काय काय घडू शकते हे ज्याला ठाऊक आहे, तो या तर्काला हसणार नाही. तथापि ८९ आणि १०७ हे अविभाज्य बेरजा देणारे घातांकही यादीत नाहीत आणि त्यांचा दोष मुद्रकावर टाकता येत नाही. मर्सेनने अंदाज केला होता असेच मला वाटते. अंदाज करण्यात गैर काहीच नाही. तो निर्णयाच्या भाषेत लिहिला, एवढेच.

आणि निर्णयाच्या भाषेचा प्रभाव केवढा! त्याची यादी पिढ्यान्‌पिढ्या एका ग्रंथातून दुसऱ्या ग्रंथात उतरत गेली. १७७२ मध्ये ऑयलरने एकतीस घरांची बेरीज, २,१४,७४,८३,६४७, ही अविभाज्य असल्याचे सिद्ध केले, तेव्हा तर यादीवरील विश्वास दुणावलाच असेल. ऑयलरने फर्माचा नियम आणखी घट्ट आवळला आणि ज्यांनी भागून पाहावयाचे अशा संख्या पावणेचारशेच्या आत आणून ठेवल्या. पण हीच वाट सदुसष्टांसाठी धरावी तर विभाजकाचा शोध संख्येच्या वर्गमुळापर्यंत, म्हणजे सुमारे १२१४ कोटींपर्यंत, न्यावा लागतो. चाळण्या कितीही लावल्या तरी एका माणसाच्या आयुष्यात ते बसणारे नव्हे. ऑयलरनंतर एक शतक या बाबतीत सामसूम राहिली.

ती कोंडी १८७६ मध्ये एदुआर लुका या फ्रेंच गणितज्ञाने फोडली. आमियाँ येथे १८४२ मध्ये जन्मलेला हा मोठा कल्पक आणि खेळकर पुरुष. तीन खुंट्यांवर लहान-मोठ्या चकत्या हलविण्याचा जो ‘हॅनोईचा मनोरा’ नावाचा खेळ मुलांच्या हाती दिसतो, तो त्याचाच. १८८३ मध्ये त्याने तो टोपणनावाने प्रसिद्ध केला. त्या खेळाला जोडून फ्रान्समध्ये एक कथाही रचली गेली, की काशीच्या एका मंदिरात ब्राह्मण सोन्याच्या चौसष्ट चकत्या अहोरात्र हलवीत बसले आहेत आणि त्यांचे काम संपेल त्या क्षणी जगाचा अंत होईल. काशीकरांना या मंदिराचा पत्ता कधी लागला नाही, हे सांगावयास नकोच. पण गंमत अशी की, या चकत्या हलविण्यास लागणाऱ्या चालींची संख्या बुद्धिबळाच्या पटावरील दाण्यांइतकीच, नेमकी तेवढीच, येते. आणि चकत्या सदुसष्ट घेतल्या तर आपली संख्या.

लुकाने शोधलेली कसोटी सामान्य माणसाला चक्रावून टाकणारी आहे, कारण तीत कोणताही विभाजक शोधावा लागत नाही. तिचे आज प्रचारात असलेले सोपे रूप लेहमर या अमेरिकन गणितज्ञाने १९३० मध्ये दिले. ते असे: चारापासून आरंभ करा. त्याचा वर्ग करून त्यातून दोन वजा करा. जे येईल त्याला तपासावयाच्या संख्येने भागून बाकी तेवढी ठेवा. पुन्हा वर्ग, पुन्हा दोन वजा, पुन्हा बाकी. घातांकातून दोन वजा करून जितके उरतात तितक्या वेळा हे करावयाचे. शेवटी बाकी शून्य आली तर संख्या अविभाज्य, न आली तर भाज्य. पाच घरांची बेरीज ३१ घेऊ. चाराचा वर्ग सोळा, वजा दोन, चौदा. चौदाचा वर्ग वजा दोन म्हणजे १९४. त्याला ३१ ने भागून बाकी ८. आठाचा वर्ग वजा दोन म्हणजे ६२, आणि ६२ ला ३१ ने भागून बाकी शून्य. तीन पायऱ्यांत निकाल. आता अकरा घरांची २०४७ घ्या. नऊ पायऱ्यांत बाक्या येतात त्या अशा: १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२ आणि अखेरीस १७३६. शून्य नाही, अर्थात २०४७ भाज्य आहे.

येथे क्षणभर थांबावे. १७३६ या आकड्याने आपल्याला काय सांगितले? २०४७ चे तुकडे पडतात, हे निर्विवादपणे सांगितले. पण ते तुकडे २३ आणि ८९ आहेत याचा त्यात मागमूसही नाही. एखाद्या कोषागाराचे हिशेब तपासावयास गेलेला अधिकारी जमा आणि खर्चाच्या बेरजा पडताळतो. त्या जुळत नाहीत. तूट आहे हे आता कोणीही नाकारू शकत नाही. पण ती कोणत्या नोंदीत शिरली आणि कोणाच्या लेखणीतून शिरली, हे बेरीज बोलत नाही. त्यासाठी एकेक पावती चाळीत बसावे लागते. लुकाने नेमके एवढेच केले. आपल्या पद्धतीने त्याने १२७ घरांची एकोणचाळीस अंकी बेरीज अविभाज्य ठरविली. त्या वेळी ज्ञात असलेल्या अविभाज्य संख्यांत ती सर्वांत मोठी झाली आणि तिचा हा मान १९५१ पर्यंत, पाऊणशे वर्षे, टिकला. त्याच वर्षी त्याने जाहीर केले की सदुसष्ट घरांची बेरीज भाज्य आहे. मर्सेनची यादी दोनशे बत्तीस वर्षांनी प्रथमच खोटी ठरली. पुढे १८८३ मध्ये उरल पर्वतापलीकडच्या एका खेड्यातील धर्मोपदेशक इव्हान पेर्वूशिन याने यादीबाहेरचा ६१ हा घातांक अविभाज्य संख्या देतो हे दाखवून तिला दुसरा धक्का दिला.

सदुसष्टांचे तुकडे पडतात हे कळूनही ते कोणते, हे पुढील सत्तावीस वर्षे कोणी सांगू शकले नाही.

ते सांगणारा माणूस फ्रँक नेल्सन कोल (१८६१–१९२६). न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक आणि अमेरिकन गणित मंडळाचा अनेक वर्षे चिटणीस. ३१ ऑक्टोबर १९०३ रोजी मंडळाच्या न्यूयॉर्क येथील बैठकीत ‘मोठ्या संख्यांचे अवयव’ अशा अर्थाच्या एका साध्या शीर्षकाखाली त्याचा निबंध ठेवलेला होता. त्या दिवसाचे जे वर्णन प्रसिद्ध आहे ते एरिक टेम्पल बेल याने पुढे लिहिले. कोल उठला, एक शब्दही न बोलता फळ्याकडे गेला. एका बाजूस त्याने दोनाचा सदुसष्टावा घात मांडून त्यातून एक वजा केला. मग फळ्याच्या मोकळ्या भागाकडे सरून त्याने

१९,३७,०७,७२१ गुणिले ७,६१,८३,८२,५७,२८७

असे लिहिले आणि शाळेतील मुलाप्रमाणे ओळीखाली ओळ मांडीत गुणाकार केला. दोन्ही उत्तरे जुळली. सभेने टाळ्या वाजविल्या, कोल न बोलता जागेवर जाऊन बसला, आणि कोणीही त्याला एकही प्रश्न विचारला नाही. पुढे १९११ मध्ये बेलने त्याला विचारले की या कामास किती काळ लागला, तेव्हा त्याने उत्तर दिले, तीन वर्षांचे रविवार.

बेल हा रंगतदार कथाकार होता आणि त्याने रंगविलेला प्रत्येक तपशील दप्तरी पुराव्यासारखा मानू नये, हे खरे. पण गुणाकाराबद्दल वाद नाही. वही-पेन्सिल घेऊन अर्ध्या तासात कोणीही तो पडताळून पाहू शकतो. मीही तो करून पाहिला आणि तो जुळतो. फर्माचा नियमही पडताळता येतो: पहिल्या अवयवातून एक वजा करून १३४ ने भागले तर १४,४५,५८० पूर्ण येतात; दुसऱ्यातूनही तसेच ५,६८,५३,६०,१२९ येतात.

तीन वर्षांचे रविवार म्हणजे दीडशेहून थोडे अधिक दिवस. कोल जर केवळ भागाकार करीत गेला असता, तर फर्मा आणि ऑयलर यांच्या नियमांत बसणाऱ्या अविभाज्य संख्याच तेवढ्या घेऊनही पहिल्या अवयवापर्यंत पोहोचण्यास सुमारे ऐंशी हजार भागाकार करावे लागले असते. दर रविवारी पाचशे, आणि प्रत्येक एकवीस अंकी संख्येचा! हे मनुष्याचे काम नव्हे. त्याने केले ते निराळे. दोन अवयवांची बेरीज कोणकोणत्या रूपाची असू शकते याचा विचार त्याने वर्गांच्या बाक्यांवरून केला आणि एकामागून एक चाळण्या लावीत अशक्य ते सारे गाळून टाकले. त्याच्या निबंधात ती कष्टाची वाट दिलेली आहे. फळ्यावर मात्र त्याने तिच्याबद्दल चकार शब्द काढला नाही, आणि मला वाटते त्याच्या मौनाचे मर्म यातच आहे. अवयव शोधून काढण्यास तीन वर्षे लागली. ते खरे आहेत हे पटविण्यास ना पांडित्य लागले, ना शोधकाच्या अधिकाराची ग्वाही. मर्सेनचे विधान त्याच्या नावावर चालले होते. कोलचे विधान कोणाच्याच नावावर चालण्याची गरज नव्हती.

मर्सेनच्या यादीचा उरलेला हिशेब मग हळूहळू मिटला. पॉवर्स याने ८९ आणि १०७ हे घातांक १९११ आणि १९१४ मध्ये अविभाज्यांच्या पंक्तीस आणून बसविले. लेहमरने शेकडो तास यंत्रावर आकडे फिरवून २५७ चा दावा खोटा पाडला. १९४७ पर्यंत यादीतील प्रत्येक घातांकाचा निकाल लागला. पाच वर्षांनी, १९५२ मध्ये, लॉस एंजेलिस येथील एका विद्युत्‌गणकयंत्राने लेहमरचे ते शेकडो तासांचे काम मिनिटाच्या आत उरकले. मात्र २५७ च्या बाबतीतही जुनाच प्रकार घडला. संख्या भाज्य आहे हे कळूनही १९७९ पर्यंत तिचा एकही अवयव हाती आला नव्हता.

हा भेद केवळ कुतूहलाचा राहिला नाही. रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी १९७७ मध्ये त्याच्यावरच एक गुप्तलिपी उभारली. दोन मोठ्या अविभाज्य संख्या शोधून त्यांचा गुणाकार करणे सोपे. तो गुणाकार जगाला खुशाल सांगून टाकावा, कारण त्यावरून मूळ दोन संख्या काढणे अतिशय कठीण. आपल्या बँकांचे संदेश ज्या कुलपांत बंद होऊन जातात, त्यांतील कित्येकांच्या मुळाशी कोलच्या त्या दीडशे रविवारांची अडचण आहे. आश्चर्य असे की, ही अडचण खरोखरच अटळ आहे याची सिद्धता अद्याप कोणी दिलेली नाही. कुलूप मजबूत आहे असे आपण मानतो, ते पुष्कळांनी प्रयत्न करूनही ते उघडले नाही म्हणून.

कसोटीच्या बाजूस मात्र निर्णायक शब्द भारतातून आला. ऑगस्ट २००२ मध्ये कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे विद्यार्थी नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी अशी रीत दिली की, कोणतीही संख्या, मग ती दाण्यांच्या बेरजेसारखी खास घडणीची असो वा नसो, अविभाज्य आहे किंवा नाही याचा निःसंदिग्ध निर्णय होतो. आणि त्यासाठी लागणारे श्रम संख्येतील अंकांच्या मानाने आटोक्यात राहतात. लुकाची कसोटी एका विशिष्ट घराण्यापुरती होती. कानपूरची सर्वांसाठी आहे. अवयव मात्र तीही सांगत नाही.

लुकाच्या कसोटीचा विस्तार आता अफाट झाला आहे. १९९६ पासून जगभरचे हौशी लोक आपापली यंत्रे जोडून नव्या मर्सेन संख्या शोधीत आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांना १३,६२,७९,८४१ या घातांकाची अविभाज्य संख्या सापडली. तिच्यात चार कोटी दहा लाखांहून अधिक अंक आहेत. वृत्तपत्रांनी साहजिकच तिचे कौतुक केले. मला तिच्यापेक्षा एक पुष्कळच लहान संख्या अधिक मोहवते: १२७७ घरांच्या पटावरील दाण्यांची. तिच्यात अवघे ३८५ अंक आहेत. एका पानावर ती सहज मावेल. लुकाच्या कसोटीने तिचा निकाल केव्हाच लागलेला आहे: ती भाज्य आहे. तिचे दाणे समान वाट्यांनी वाटता येतात याविषयी कोणालाही शंका नाही. किती जणांत, हे अद्याप कोणाला सांगता आलेले नाही.